परवान्याची पद्मिनी, सरकारची मारुती

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत ताडदेवच्या आरटीओत एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीची नोंदणी झाली. प्रीमियर पद्मिनी जातीची ती शहरातली शेवटची टॅक्सी. मुंबईत टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली आणि वर्तमानपत्रांतून बरीच हळहळ व्यक्त झाली. हळहळ खोटी नव्हती, पण तिच्या भरात एक साधा हिशेब बाजूला राहिला. ही गाडी ज्या नमुन्यावर बेतलेली होती ती फियाट ११०० डी इटलीत १९६२ साली आली आणि १९६६ साली बंद झाली. तूरिनमध्ये चार वर्षांत जुनी ठरलेली रचना त्यानंतर सत्तावन्न वर्षं मुंबईत भाडं मारत होती.

पद्मिनीच्या शेजारी मला दुसरी एक गाडी उभी करायची आहे. १९८३ च्या डिसेंबरात आलेली आणि २०१४ च्या जानेवारीत थांबलेली मारुती ८००. या दोघींची गोष्ट आपल्याकडे एका ठरावीक चालीत सांगितली जाते. पद्मिनी म्हणजे परवाना राजची सुस्त, महाग, रांगेत उभी करणारी गाडी. मारुती म्हणजे मोकळी हवा, जपानी शिस्त आणि मध्यमवर्गाची सुटका. या गोष्टीत तथ्य आहे, पण थोडं खोलात गेलं की ती चाल बिघडायला लागते. मला तर त्या बिघडण्यातच खरी गंमत वाटते.

सुरुवात वालचंद हिराचंदांपासून करावी लागते. सोलापुरात १८८२ साली जन्मलेला हा माणूस रेल्वेच्या ठेकेदारीतून वर आला. बोरघाटातल्या बोगद्यांची कामं केली, मग सिंदिया कंपनीतून इंग्रजांच्या जहाजांशी टक्कर घेतली, १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना उभा केला. मोटार हा त्यांचा तिसरा हट्ट. कल्पना मुळात सर विश्वेश्वरय्यांची. १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत फिरून, तिथले कारखाने पाहून त्यांनी हिंदुस्थानात मोटार बनवायची योजना आखली होती. मुंबई प्रांतातल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने तिला पाठबळ द्यायची तयारीही दाखवली. मग मंत्रिमंडळच गेलं, महायुद्ध पेटलं. वालचंदांनी अमेरिकेत जाऊन क्रायस्लरशी करार केला खरा, पण दिल्लीतल्या सरकारने युद्धाचं कारण पुढे करून हात वर केले. युद्ध चालू असताना देशात मोटारींची गरज वाढली होती आणि त्याच कारणाने मोटारीचा कारखाना नको होता, हा तर्क साहेबालाच सुचू शकतो.

अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ ही त्यांची नावं. सगळ्या अमेरिकी, ऐसपैस आणि भरपूर पेट्रोल पिणाऱ्या. सुटे भाग बोटीतून यायचे, कुर्ल्यात जोडले जायचे. मोटार बनवायची म्हणून निघालेल्या वालचंदांना आधी मोटार जोडण्यावर समाधान मानावं लागलं आणि १९५३ च्या एप्रिलमध्ये ते गेले.

नेमक्या त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात फियाटने नवी ११०० मांडली. दान्ते जाकोसा या इंजिनिअरची ही गाडी. चार दारांची, आटोपशीर, वेगळ्या सांगाड्याशिवाय एकसंध पत्र्याची आणि १०८९ सीसीचं काटक इंजिन असलेली. आणि इकडे दिल्लीत जकात आयोगाने शिफारस केली की ज्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने गाडी इथेच बनवायची असेल त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी आवरतं घ्यावं. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. देशात मोटार बनवणाऱ्या उरल्या प्रामुख्याने तीन: कलकत्त्यात बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईत प्रीमियर. अमेरिकी बोटींएवढ्या गाड्या या देशाला परवडायच्या नाहीत हे प्रीमियरला कळलं होतंच. फियाटशी संधान आधीच बांधलेलं होतं, टोपोलिनो ही चिमुकली गाडी १९५१ पासून कुर्ल्यात जोडली जात होती. आता तिच्या जागी ११०० आली.

पहिल्या ११०० ला मुंबईने लगेच नाव दिलं: डुक्कर फियाट. पुढून पाहिलं तर जाळीचा आकार खरोखरच तसा, फुगीर आणि पुढे आलेला. तिची पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. पाचवारी साडी नेसलेल्या बाईला गाडीत बसायला ते सोयीचं आणि वेगात दार उघडलं तर जिवाशी गाठ. पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं बदलत गेली आणि १९६४ साली ११०० डिलाइट आली. मागे छोटे पंख काढलेली, चौकोनी नाकाची, आज आपण डोळ्यांसमोर आणतो ती 'फियाट' हीच. फियाटशी असलेला परवाना संपल्यावर १९७२ च्या सुमारास ती काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ साली राजपूत राणीचं नाव घेऊन पद्मिनी. लोकांनी त्यातलं एकही नाव मनावर घेतलं नाही. गाडी कारखान्यातून 'पद्मिनी' म्हणून निघायची आणि सोसायटीच्या फाटकात शिरताना फियाट झालेली असायची.

ती १९६४ ची गाडी तेव्हा अगदी ताजी होती, हे विसरायला नको. इटलीत ११०० डी बाजारात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी पंतप्रधान झालेल्या लालबहादूर शास्त्रींनी घरच्यांच्या आग्रहावरून फियाट घेतली. किंमत बारा हजार, जवळ होते सात हजार, उरलेले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला शास्त्री गेले आणि ते कर्ज ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. ही हकीकत शास्त्रींच्या साधेपणाचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. देशातली सगळ्यात साधी म्हणावी अशी ही मोटार, पण ती देशाच्या पंतप्रधानालाही रोखीने परवडत नव्हती.

मग काळ थांबला. तो कुणी एकाने थांबवला नाही. वर्षाला किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर लिहिलेलं. परकीय चलनाची चणचण, त्यामुळे नवे साचे, नवी यंत्रं बाहेरून आणणं जवळपास अशक्य. मोटार ही चैनीची वस्तू ठरलेली, म्हणून कर जबर. आणि किंमत? तीही सरकारच ठरवणार. हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सत्तरीच्या सुरुवातीला प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार या खटल्यात गाडीची वाजवी किंमत कशी काढायची याचा कीस न्यायमूर्तींना काढावा लागला. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकांची रांग. अनामत भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. नवी गाडी ताब्यात आल्यावर काही काळ विकता येत नव्हती, कारण विकली तर घेतलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे हातात पडायचे. मुलीच्या लग्नाआधी गाडी येईल म्हणून नंबर लावावा आणि नातवाच्या बारशाला ती यावी, असे विनोद त्या काळात घरोघर होते.

प्रीमियरचा बचाव करायचा तर एवढं सगळं म्हणता येतं, आणि ते खरंही आहे. पण संपूर्ण खरं नाही. दाराशी गिऱ्हाईक तिष्ठत असताना गाडी सुधारायची कुणाला गरज वाटते? आरसा हलला, दिव्यांची मांडणी बदलली, डॅशबोर्ड जरा नवा झाला, इंजिनाची ताकद इकडेतिकडे थोडी वाढली. पण मूळ पिंड तोच राहिला: मागच्या चाकांना ताकद देणारा लांबलचक शाफ्ट, कार्ब्युरेटर, सकाळी थंड इंजिनाला चोक ओढून मनवणं आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर.

तो गिअर मात्र मुंबईला लाभला. गिअर खाली नसल्यामुळे पुढे अखंड लांब सीट बसायची आणि ड्रायव्हरच्या शेजारी दोन माणसं मावायची. कलकत्त्याने टॅक्सीसाठी अॅम्बेसेडर पसंत केली, मुंबईने फियाट. मुंबईचा हिशेब सरळ होता: गाडी लहान, गिरगाव-भुलेश्वरच्या गल्लीत वळते, पेट्रोल कमी खाते आणि सुटा भाग कुर्ल्यातच मिळतो. टपावर सामानाचं कॅरियर, डाव्या बाजूला बोनेटशी बाहेर बसवलेला यांत्रिक मीटर आणि भाडं बसलं की पाडायचा त्याचा लोखंडी झेंडा. 'मीटर पाडा' हा शब्दप्रयोग त्या झेंड्यानेच दिला. टॅक्सीवाल्यांची संघटना बांधणाऱ्यांत जॉर्ज फर्नांडिस होते. त्यांनी चक्का जाम म्हटलं की दक्षिण मुंबईची नाडी बंद पडायची. या गाड्यांची दुरुस्तीही माणसांच्या आवाक्यातली होती. पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि थोडी तार एवढ्यावर पद्मिनी पुन्हा उठून चालू लागे. पुढे नव्वदीनंतर न्यायालयाने टॅक्सींना सीएनजीवर यायला लावलं, तेव्हा डिकीत सिलिंडर बसला आणि प्रवाशाची बॅग मांडीवर आली. इंजिनाने तोही बदल मुकाट्याने पचवला.

यात एक विषयांतर करतो, कारण ते मराठी रंगभूमीचं आहे. प्रीमियरचे प्रमुख विनोद दोशी हे नाटकवेडे होते. ताडदेवच्या वालचंद टेरेसमधली जागा त्यांनी सत्यदेव दुबे आणि थिएटर युनिटच्या मंडळींना तालमींसाठी आणि प्रयोगांसाठी मोकळी करून दिली. मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीच्या इतिहासात छबिलदासच्या जोडीने वालचंद टेरेसचं नाव घ्यावं लागतं. दोशींच्या नावाचा नाट्यमहोत्सव पुढे पुण्यात होत राहिला. कुर्ल्यात जुनीच गाडी पुन्हा पुन्हा निघत होती आणि तिच्या मालकांच्या छपराखाली नवं नाटक घडत होतं, हा विरोधाभास मला आवडतो. त्यातून निष्कर्ष काढायचा मोह मात्र आवरतो.

आता दुसरी गाडी. 'जनतेची गाडी' ही कल्पना संजय गांधींची असं समजलं जातं, पण ती त्यांच्या आधीची आहे. पन्नाशीच्या अखेरीपासून दिल्लीत स्वस्त छोट्या गाडीच्या चर्चा चालू होत्या. लक्ष्मीकांत झा समितीने तिची शिफारस केली, उद्योगमंत्री मनुभाई शाह तिच्यामागे हात धुऊन लागले होते. योजना आयोगाचं म्हणणं असं की पैसा बससाठी, रेल्वेसाठी आणि ट्रॅक्टरसाठी हवा, मोटारीसाठी नको. दहा वर्षं फायली फिरल्या. १९७० साली सरकारने इरादापत्र दिलं ते पंतप्रधानांच्या धाकट्या मुलाला. संजय गांधींची पात्रता म्हणजे इंग्लंडात क्रू येथे रोल्स रॉइसच्या कारखान्यात केलेली उमेदवारी. १९७१ साली मारुती कंपनी उभी राहिली, हरियाणाचे मुख्यमंत्री बन्सीलाल यांनी गुडगावला दिल्ली-जयपूर रस्त्यालगत जवळपास तीनशे एकर जमीन मिळवून दिली. गाडी काही रस्त्यावर आली नाही. आणीबाणीनंतर जनता सरकारने न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांचा चौकशी आयोग नेमला, कंपनी दिवाळखोरीत निघाली.

२३ जून १९८० रोजी विमान अपघातात संजय गांधी गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने वटहुकूम काढून मारुतीची मालमत्ता ताब्यात घेतली आणि १९८१ च्या फेब्रुवारीत मारुती उद्योग लिमिटेड ही सरकारी कंपनी जन्माला आली. एका आईने मुलाचं अपुरं राहिलेलं काम सरकारी खर्चाने पुरं करायचं ठरवलं, असं याचं वर्णन कुणी केलं तर त्याला खोडून काढणं कठीण. पण मग तिने ते काम ज्यांच्या हाती दिलं ती माणसं अस्सल होती. भेल या सरकारी कंपनीला वळण लावलेले व्ही. कृष्णमूर्ती आणि आयएएस सोडून आलेले आर. सी. भार्गव. मंडळी जोडीदार शोधत जगभर फिरली. रेनॉ, फोक्सवॅगन, दायहात्सू अशी नावं पुढे येऊन मागे पडली. सुझुकी ही तेव्हा जपानमधली तुलनेने लहान कंपनी, छोट्या गाड्यांपलीकडे तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. मोठ्या कंपन्यांचे दुय्यम अधिकारी भारतीय मंडळींना भेटत होते, तेव्हा सुझुकीचे प्रमुख ओसामू सुझुकी स्वतः फळ्यावर आकृत्या काढत बसले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार झाला. सुझुकीचा वाटा २६ टक्के, बाकी सरकारचा.

१४ डिसेंबर १९८३, म्हणजे संजय गांधींचा जन्मदिवस गाठून इंदिरा गांधींनी दिल्लीतल्या इंडियन एअरलाइन्सच्या एका कर्मचाऱ्याला पहिल्या गाडीची किल्ली दिली. सोडतीत त्याचा नंबर लागला होता. किंमत ४७,५०० रुपये. नोंदणी खुली झाली तेव्हा दहा हजार अनामत भरून लाखाहून जास्त लोकांनी नाव लावलं होतं. त्या वेळी सगळ्या देशात मिळून वर्षाला सुमारे चाळीस हजार मोटारी बनत होत्या. म्हणजे जी गाडी कुणी चालवून पाहिलेली नव्हती, तिच्यासाठी लोकांनी देशाच्या अडीच वर्षांच्या उत्पादनाएवढ्या गाड्यांची अनामत आधीच मोजून ठेवली. रांग पुन्हा होतीच. फक्त आता ती हलत होती.

दोन्ही गाड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर मारुतीने काय केलं ते लगेच कळतं. पद्मिनी चार सिलिंडर आणि १०८९ सीसीची, मारुती तीन सिलिंडर आणि ७९६ सीसीची. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, मारुतीचं साडेसहाशेच्या. इंजिन आडवं बसवून ताकद पुढच्याच चाकांना दिल्यामुळे मारुतीत गाडीच्या पोटातून जाणारा शाफ्ट नाही आणि मागे बसणाऱ्याच्या पायांमध्ये उंचवटा नाही. बारा इंची चाकं, बाहेरून इवलीशी, आत माणसं बसतात मात्र चार, आणि आपल्याकडे सहा. पद्मिनीचं दार बंद करताना दणदणीत आवाज यायचा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या आवाजातच गाडीची किंमत दिसायची. मारुतीचं दार पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखं लागायचं. पत्रा पातळ, ठोकर लागली की बोट बुडेल एवढा पोचा. पण सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू होते, पहिल्याच झटक्यात, रोज! पद्मिनीवाल्याला याचं अप्रूप किती वाटलं असेल हे ज्याने कडाक्याच्या थंडीत सोसायटीतल्या चार पोरांना जमवून धक्का मारून घेतला आहे त्यालाच विचारावं. हलकं स्टिअरिंग, हलका क्लच, जमिनीवरचा आखूड गिअर. ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावून फिरणारी पांढरी ८०० पुढे गावोगाव दिसू लागली आणि नवऱ्याची वा ड्रायव्हरची वाट न पाहता स्वतः गाडी काढणाऱ्या बायकांची पहिली मोठी पिढी याच गाडीवर शिकली.

कारखान्यातही फरक होता. गुडगावला सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी व्यायाम, सगळ्यांना एकच गणवेश, साहेब आणि कामगार एकाच कँटीनमध्ये, अधिकाऱ्यांना बंद केबिन नाही. कुर्ल्यात याच्या उलट इतिहास होता. गिरणी संपाने कामगार नेते दत्ता सामंतांचं नाव घरोघर पोचलं, पण त्याआधीच प्रीमियरसारख्या इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी मालकांकडून मोठी पगारवाढ खेचून घेतली होती. गिरणी कामगार त्यांच्या दाराशी गेले ते हाच लौकिक ऐकून. तरी गुडगावचं गुणगान करताना हात जरा आखडता घ्यावा. त्याच कंपनीच्या मानेसर कारखान्यात २०१२ साली जो हिंसाचार झाला, त्यात एका अधिकाऱ्याचा जीव गेला. एकत्र जेवल्याने सगळं मिटतं असं नाही.

आता त्या ठरावीक चालीकडे येऊ. पद्मिनीला खुल्या बाजाराने हरवलं असं म्हणतात. पण १९८३ साली खुला बाजार होता कुठे? मोटारींना परवान्यातून मोकळीक मिळाली १९९३ साली. त्याआधीची दहा वर्षं पद्मिनीसमोर उभी होती ती सरकारच्या मालकीची गाडी. तिला परदेशी भागीदार घ्यायची मुभा होती, जपानहून सुटे भाग आणायला परकीय चलन होतं, आणि कमी इंधन खाणाऱ्या गाड्यांना शुल्कात जी सवलत मिळाली तिच्या चौकटीत ८०० अगदी मापाने बसत होती. ज्या सरकारने प्रीमियरचे हात वीस-पंचवीस वर्षं बांधून ठेवले होते, त्यानेच दुसऱ्याचे मोकळे सोडले. प्रीमियरने धडपड केली नाही असं नाही. १९८५ साली ११८ एनई आणली. तिचं अंग फियाट १२४ चं, तेही स्पेनच्या सिआट कंपनीकडून घेतलेल्या साच्यांचं, आणि इंजिन निस्सानचं. गाडी वाईट नव्हती, पण एका परदेशी म्हाताऱ्याला दुसऱ्या परदेशाचं हृदय बसवून तो किती धावणार? नव्वदीत प्यूजोबरोबर कल्याणला ३०९ काढली, फियाटशी पुन्हा हात मिळवून १९९६ मध्ये उनोची नोंदणी खुली केली. उनोसाठी दोन लाखांवर लोकांनी पैसे भरले आणि कामगारांच्या तंट्यात गाड्याच वेळेवर बाहेर पडल्या नाहीत. १९६० सालची रांग १९९६ सालच्या गिऱ्हाइकाकडून करून घेता येत नव्हती, हे कुर्ल्याला उमगलं तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं होतं. विसावं शतक संपता संपता पद्मिनी बंद झाली. कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. शेजारच्या रस्त्याचं नाव अजून प्रीमियर रोड आहे.

पण माझा खरा आक्षेप याहून वेगळा आहे. पद्मिनी जुनी राहिली याचा सगळा दोष परवाना राजवर टाकायचा तर मारुतीची पुढची हकीकत सांगता येत नाही. १९८३ ची पहिली ८०० तीन वर्षांत बदलली. १९८६ साली नवं अंग आलं, जपानमधल्या दुसऱ्या पिढीच्या आल्टोचं. जपानमध्ये ती आल्टो १९८४ ला आली होती, १९८८ ला गेलीसुद्धा. चार वर्षं. इटलीतल्या ११०० डी चं आयुष्यही नेमकं तेवढंच! आणि इथे ती १९८६ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली, तब्बल अठ्ठावीस वर्षं. नाक गोल झालं, इंजिनात इंधन इंजेक्शन आलं, पाचवा गिअर आला आणि काही काळाने गेलाही. अंगाचा पिंड तोच. मधल्या काळात देशात देवू आली, फोर्ड परतली, १९९८ साली ह्युंदाईची सॅन्ट्रो आली आणि त्याच वर्षाच्या शेवटी टाटांनी पिंपरीत बनवलेली इंडिका. स्पर्धा भरपूर, परवाने गेलेले, परकीय चलनाचा साठा फुगलेला. तरी ८०० बदलली नाही, कारण ती खपत होती. साच्यांचे पैसे केव्हाच वसूल झालेले, त्यामुळे किंमत कमी ठेवता येत होती. दुचाकीवर बायको आणि दोन मुलांना घेऊन पावसात भिजणाऱ्या माणसाला आल्टोची तिसरी पिढी नको होती, त्याला परवडणारी चार चाकं हवी होती. एकूण पंचवीस लाखांहून जास्त ८०० बनल्या.

म्हणजे परवाना राजने गिऱ्हाइकाला निवड दिली नाही, वर्षानुवर्षं तिष्ठत ठेवलं, त्याच्याकडून जादा पैसे घेतले, हे सगळं त्याच्या माथी मारावं आणि ते योग्यच. पण एखादी गाडी मायदेशी चार वर्षांत म्हातारी होऊन इथे दोन-तीन पिढ्या तरुण राहते, याचं उत्तर दिल्लीच्या फायलीत अर्धंच आहे. उरलेलं आपल्या खिशात आहे, आणि आपल्या मेकॅनिकच्या हातात. ज्या गाडीचा प्रत्येक नट त्याला पाठ असतो ती आपण सुखासुखी सोडत नाही.

आठशेचे एक मालक होते डॉ. मनमोहन सिंग. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी नोंदवलेली मोटार १९९६ ची मारुती ८००. १९९३ साली मोटार उद्योगाला परवान्यातून सोडवणाऱ्या सरकारचे अर्थमंत्री तेच, पण त्यांच्या नावावर राहिली ती परवान्याच्या काळात जन्मलेली सरकारी गाडी. ओसामू सुझुकी २५ डिसेंबर २०२४ ला गेले, मनमोहन सिंग दुसऱ्या दिवशी.

शेवटही दोघींचा सारखाच झाला. टॅक्सी पद्मिनीला वयाच्या नियमाने घालवलं, मारुतीला धुराच्या. १ एप्रिल २०१० पासून काही मोठ्या शहरांत प्रदूषणाचे नवे कडक निकष लागू झाले. त्यांत बसवण्यासाठी जुन्या इंजिनावर खर्च करणं कंपनीला परवडेना, म्हणून त्या शहरांत ८०० विकणं बंद झालं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, पुणे ही नावं अपेक्षितच; यादीत वालचंदांचं सोलापूरही होतं. लहान गावांत ती आणखी चार वर्षं विकली गेली आणि १८ जानेवारी २०१४ रोजी गुडगावच्या कारखान्यातून शेवटची गाडी निघाली. सीमेपलीकडे मात्र हेच अंग, हेच ७९६ सीसीचं इंजिन १९८९ पासून सुझुकी मेहरान या नावाने कराचीत बनत होतं. तिथल्या गिऱ्हाइकांनीही त्या गाडीची भरपूर थट्टा केली, तिला टीनचा डबा म्हटलं, आणि रांगा लावून घेतली. ती बंद झाली २०१९ साली, गुडगावनंतर पाच वर्षांनी.